सात हजारांची साल

(कोपरखैरणे. सिडकोनं माथाडींसाठी बांधलेल्या घरांपैकी एक, आता वर दोन मजले चढलेलं. आषाढातला रविवार, सकाळचे साडेसात. बाहेर पाऊस आणि ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक, म्हणजे घरातल्या कुणालाच घराबाहेर पडायला कारण उरलेलं नाही. ओट्यावर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, काट्यावर परात, परातीत मैदा. समोर आयटीवाला, आठवड्याचे पाच दिवस ऐरोलीच्या ऑफिसात बसणारा. दारात चहाचा कप घेऊन त्याचे वडील, मसाला मार्केटातून निवृत्त झालेले माथाडी. आईची आज संकष्टी, त्यामुळे या प्रकरणात ती फक्त वासापुरती आणि सल्ल्यापुरती आहे. सल्ल्याला उपास लागत नाही.)

माथाडी : आरं, सकाळी सकाळी काटा मांडून काय बसलायस? मापाडी झालास काय?

आयटीवाला : सिनॅमन रोल करतोय, आण्णा.

माथाडी : काय करतोयस?

आयटीवाला : दालचिनीचे रोल. मैद्याची जाड पोळी लाटायची, वर लोणी, साखर, दालचिनी पसरायची, गुंडाळायची, कापायची आणि भाजायची.

आई : म्हंजे अळूवडीच की.

आयटीवाला : अळूवडी नाही गं आई.

आई : अळू नाही एवढंच.

माथाडी : इकत मिळत न्हाईत व्हय?

आयटीवाला : मिळतात. वाशीला एका रोलचे दोनशे घेतात.

माथाडी : आन तू किती करणार?

आयटीवाला : बारा.

माथाडी : म्हंजे चोवीसशे वाचले. चांगलं हाय. आन सामानाला किती गेले?

आयटीवाला : ओटीजी धरून की सोडून?

(माथाडी चहाचा घोट घेतात. हिशेबातली अशी शांतता त्यांनी गाळ्यावर पुष्कळ ऐकलेली आहे. जमाखर्च जुळत नसला की मेहताजीही आधी असंच छताकडे बघत.)

आयटीवाला : मैदा ५०० ग्रॅम. दूध २५० मिलि. साखर ६०. यीस्ट ७ ग्रॅम.

माथाडी : सात ग्रॅम? सात ग्रॅमला काटा? आरं, आमच्या येळेला पोतं १०० किलोचं व्हतं. मागनं ५० वर आलं. त्याच्या खालचं वजन मी जल्मात मोजलं न्हाई.

आयटीवाला : बेकिंग म्हणजे सायन्स आहे, आण्णा. अंदाजपंचे चालत नाही. आता हे दूध ३८ अंशाला पाहिजे. थर्मामीटर कुठे ठेवला मी?

आई : (दुधात बोट बुडवून) झालं. बोटाला सोसतंय. घाल.

आयटीवाला : आई! मोजायचं होतं!

आई : मोज की. मी कुठं न्हाई म्हणते.

आयटीवाला : (मोजून, जरा वेळानं) ...३९.

आई : तुझी एक डिग्री माझ्या बोटाला लागली आसंल.

(यीस्ट दुधात पडतं. पाच मिनिटांत वर फेस येऊ लागतो. माथाडी वाकून बघतात. माणूस कामसू, नुसता उभा राहू शकत नाही. ओट्यावरची काचेची बाटली उघडून दालचिनीची चिमूट मदत म्हणून दुधात टाकायला जातात.)

आयटीवाला : नको! आण्णा, नको! यीस्ट मरेल!

माथाडी : दालचिनीनं?

आयटीवाला : दालचिनीच्या तेलानं बुरशी रोखली जाते आणि यीस्ट म्हणजे बुरशीच. दालचिनी पिठात मिसळली तर पीठ फुगायला कुरकुर करतं. म्हणून ती शेवटी, साखरेबरोबर, नुसती वर पसरायची.

माथाडी : म्हंजे ज्याचं नाव, त्यालाच आत येऊ द्यायचं न्हाई. बरं हाय तुमचं. (चिमूट जिभेवर ठेवतात. तोंड जरा वाकडं होतं.) ही कुठनं आणलीस?

आयटीवाला : ऑनलाइन. एकदम ओरिजिनल आहे. सिलोन सिनॅमन. ५० ग्रॅमला साडेतीनशे.

माथाडी : (ओठ हलवत हिशेब करून) किलोला सात हजार?

आयटीवाला : क्वालिटी, आण्णा.

माथाडी : सात हजारांची दालचिनी मी आयुष्यात उचलली न्हाई. आन ही सिलोन न्हाई.

आयटीवाला : तुम्हाला पावडरवरून कसं कळतं?

माथाडी : जिभंला टोचली. सिलोन टोचत न्हाई, गोडसर लागती, हळू. तिची कांडी बघितलीयास का कवा? साडेतीन फूट लांब, आत कागदावानी पातळ साली, एकात एक. गोणपाटात गुंडाळलेली गाठ यायची. उचलायला हलकी, पण मुकादम वरडायचा, आरं आपटू नका, चुरा झाला तर शेठ माझा चुरा करील. ती दोन बोटांत मोडती. अन् ही तुझी, ही जाड साल हाय. चायनाची नाहीतर व्हिएतनामची. खलबत्त्याबिगर फुटत न्हाई. मिक्सरचं पातं मोडंल, साल न्हाई मोडायची.

आयटीवाला : बाटलीवर लिहिलंय ना, प्रीमियम सिनॅमन.

माथाडी : पुढं लिवलंय. मागं काय लिवलंय?

(आयटीवाला बाटली फिरवतो. मागच्या अक्षरांचा आकार मुंगीला वाचता येईल इतपत आहे. मोबाइलनं फोटो काढून तो दोन बोटांनी मोठा करतो, अजून मोठा करतो.)

आयटीवाला : "साहित्य : दालचिनी..." कंसात "कॅसिया". उगम, व्हिएतनाम.

माथाडी : (चहा संपवत) बाजारात ही ह्याच्या धाव्या हिश्शात मिळती. आन पातळ साल पायजे व्हती तर सिलोनला तरी कशाला जायचं? कोकणात पिकती की. नारळी-पोफळीच्या बागंत लावतात.

आयटीवाला : हो, दापोलीच्या विद्यापीठानं जात काढलीय ना, कोकण तेज. वाचलं होतं मी.

माथाडी : वाचलं व्हतंस. मग घेतली का न्हाईस?

आयटीवाला : तिची बाटली दिसायला चांगली नव्हती.

(मळणं सुरू होतं. रेसिपीच्या व्हिडिओतल्या बाईनं दहा मिनिटं मळायला सांगितलंय. ती कुठल्या तरी थंड गावात, कोरड्या हवेत मळत होती. कोपरखैरण्याच्या पावसाळ्यात मैदा डब्यातच ओल पिऊन बसलेला असतो. पीठ आयटीवाल्याच्या दोन्ही हातांना, घड्याळाला आणि मोबाइलच्या काचेला लागतं.)

आई : दूध जास्त झालंय.

आयटीवाला : २५० मोजून घातलंय.

आई : तू मोजलंस, पावसानं मोजलं न्हाई. हात धू, बोटांना लोणी लाव आन मग मळ. वरनं मैदा वतू नकोस, दगड हुईल.

आयटीवाला : व्हिडिओत पण हेच सांगितलंय.

आई : मग तिला इचारत बस.

(लोण्यानं हात मऊ होतात, पीठ ऐकू लागतं. मळून मळून ते तुकतुकीत होतं आणि ताणलं तर फाटायच्या आधी पापुद्र्यातून पलीकडचा उजेड दिसतो. हे मात्र खरंच बघण्यासारखं असतं. आयटीवाला फोटो काढतो, तोवर पापुद्रा फाटतो. पीठ पातेल्यात, वर ओलं फडकं.)

आयटीवाला : आता एक तास थांबायचं. दुप्पट झालं पाहिजे.

माथाडी : एक तास? हितं? बघ तू, अर्ध्या तासात वर यील. ह्या गावात समदंच लवकर फुगतं. आमी आलो तवा ह्या घराला कुत्रं इचारत नव्हतं, आता भाव बघ.

आयटीवाला : तुम्ही आलात कधी नक्की? वाशीचं मार्केट झालं तेव्हा?

माथाडी : न्हाई, मी आधी मस्जिद बंदरला. पाटणातनं आलो ते थेट तितंच. गल्ली इतकी बारीक की दोन पोती समोरासमोर आली की एकानं मागं फिरायचं. कांदा-बटाटा आधी हिकडं आला, १९८१ ला. मसाला मागनं, नव्वदीच्या सुरुवातीला. शेठलोक यायला तयार नव्हते. म्हणायचे, खाडीपल्याड गिऱ्हाईक कसं यील? आलं की. माल जिथं, गिऱ्हाईक तिथं.

आयटीवाला : आणि तुमची टोळी?

माथाडी : आमच्या टोळीला मिरचीचे गाळे. मिरचीचं पोतं पाठीवर घेतलं की मानंला आग. घरी येऊन आंघोळ केली तरी उशीला तिखट लागायचं. दालचिनीच्या गाळ्यात ज्याची वर्णी लागंल तो नशिबाचा. दिवसभर वासात. त्याची बायको त्याला घरात लवकर घ्यायची.

आई : आवो!

माथाडी : खरं बोलतोय. तू मला दारातच आडवायचीस.

आई : शिंका यायच्या मला, शिंका. उगं दुसरं काय बी सांगू नका पोराला.

आयटीवाला : पण पगार वेळेवर मिळायचा ना?

माथाडी : माथाडी बोर्डातनं. १९६९ चा कायदा हाय आमचा. अण्णासाहेब पाटलांनी लढून घेतला. त्याच्या आधी मजुरी देणं न देणं शेठच्या मर्जीवर. (जरा थांबून) आन आता तुझा तो कायदा हाय का रं, रात्री अकराला फोन येतो तवा?

आयटीवाला : आमच्यात तसं काही नसतं, आण्णा.

माथाडी : मग युनियन करा की.

आयटीवाला : पीठ बघतो मी.

(पातेल्यावरचं फडकं पोटुशी बाई बसावी तसं वर आलेलं असतं. पस्तीस मिनिटं. माथाडी काही बोलत नाहीत, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, मग मुलाकडे, मग परत घड्याळाकडे.)

आयटीवाला : स्वीडनमध्ये तासाच्या वर लागतं.

माथाडी : तितं काय संबंध?

आयटीवाला : अहो, हे मूळ त्यांचंच. घराघरात करतात. त्यांचा तर दिवसच असतो, ४ ऑक्टोबर. १९९९ पासून. दालचिनी रोलचा दिवस.

माथाडी : दालचिनी पिकती तितं?

आयटीवाला : नाही.

आई : ह्यात येलदोडा न्हाई घालत का? गोडाला पायजे.

आयटीवाला : घालतात ना, स्वीडनवाले पिठातच घालतात.

माथाडी : येलदोडा पिकतो?

आयटीवाला : नाही.

माथाडी : मग पिकतं काय?

आयटीवाला : ...थंडी.

माथाडी : थंडी पिकवणाऱ्यांनी मसाल्याचा सण लावला. आन आमच्या मार्केटात एवढ्या गाड्या खाली हुतात रोज, आमाला कुणी अर्धा दिवस दिला न्हाई.

(पोळी लाटली जाते. सोळा इंच बाय बारा इंच, असं व्हिडिओत आहे. ओटा चौदा इंचांचा, त्यामुळे दोन इंच पोळी सिंकमध्ये डोकावते. ब्राउन शुगर आणायची राहिली, म्हणून आईनं कराडच्या गुळाची पावडर काढून दिली आहे आणि ती जास्त बरी दिसते. लोणी, गूळ, दालचिनी पसरून गुंडाळी होते. आता सुरी.)

माथाडी : सुरी ठेव.

आयटीवाला : कापायचं आहे, आण्णा.

माथाडी : सुरीनं दाबला जाईल. चपटा हुईल. दोरा दे.

आयटीवाला : (चकित होऊन) तुम्हाला कसं माहीत? व्हिडिओत पण दोऱ्यानंच कापतात! डेंटल फ्लॉस...

माथाडी : दाभण-सुतळीनं पोत्याची तोंडं शिवण्यात जन्म गेला. दोरा कुठं धरायचा ते मला तुझी बाई शिकवणार? आगं, तो गोधडीचा दोरा दे.

(माथाडी दोरा गुंडाळीखालून सरकवतात, दोन्ही टोकं वर आणून कात्रीसारखी आडवी करतात आणि ओढतात. एक काप. आत दालचिनीचा भोवरा, गोल, कुठंही न चेपलेला. बारा काप. आयटीवाला मोजपट्टी लावून बघतो. सगळे एका मापाचे. एवढं त्याच्या ऑफिसात कुणाचं प्रेझेंटेशन नीट नसतं. ताटात अंतर ठेवून मांडतात; पुन्हा अर्धा तास थांबायचं.)

आयटीवाला : (मोबाइल चाळत, एकदम) आण्णा, पण ही जाड साल तब्येतीला वाईट असते म्हणे. त्यात कुमारिन असतं. जास्त गेलं तर लिव्हरला त्रास. युरोपवाले म्हणतात, माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको. पातळ सालीत अगदी नावापुरतं असतं.

माथाडी : तू रोज बारा खाणार हायेस का?

आयटीवाला : नाही, पण २०१३ ला डेन्मार्कमध्ये यावरून केवढं रण माजलं. युरोपच्या नियमानं साध्या केक-बिस्किटात किलोमागे १५ मिलिग्रॅम, पण पारंपरिक नाहीतर सणाचा पदार्थ असेल तर ५०. डेन्मार्कच्या सरकारनं आधी म्हटलं, आपले रोल पारंपरिक नाहीत, रोजचे आहेत. झालं, बेकरीवाले रडकुंडीला आले. स्वीडननं काय केलं, आपले रोल पारंपरिक आहेत असं सांगून टाकलं.

माथाडी : म्हंजे दाखला काढला.

आयटीवाला : तसंच.

माथाडी : हुशार हायेत. तहसीलला काम केलेला दिसतोय कुणीतरी.

आयटीवाला : (अजून वाचत, चेहरा बदलत) आणि हे बघा... अमेरिकेत पण रोलमध्ये जाड सालच वापरतात. इंडोनेशियाची. सिलोनची चव भाजल्यावर मंद पडते, म्हणून. त्या मॉलमधल्या रोलचा जो वास येतो ना, तो जाड सालीचाच!

माथाडी : मग झालं की. तू घेतलास तोच माल बरोबर हाय.

आयटीवाला : म्हणजे मी फसलो नाही?

माथाडी : मालात न्हाई. भावात.

(ओटीजी लावला जातो. १८० अंश. दोन मिनिटांत एमसीबी पडतो, कारण वरच्या मजल्यावर गिझर चालू आहे. "आंघोळ थांबवा" असा जिन्यातून पुकारा होतो. वरून कोणीतरी साबण लावलेल्या अवस्थेतला निषेध नोंदवतं. एमसीबी वर, ओटीजी चालू, घर गप्प. दहाव्या मिनिटाला वास सुटतो. पंधराव्या मिनिटाला तो जिन्यात पोहोचतो. अठराव्या मिनिटाला दारात तळमजल्यावरच्या वहिनी.)

वहिनी : काकू, गरम मसाला भाजताय का? आज मटण?

आई : आज संकष्टी हाय आमची!

वहिनी : तेच म्हटलं, संकष्टीला मटण कसं. मग काय आहे?

आई : अळूवडी. अळू न्हाई.

(वहिनी बसतात. हा वास सोडून खाली जाण्याइतकं कोणतंही काम तळमजल्यावर नाही. बाविसाव्या मिनिटाला ताट बाहेर. कडा सोनेरी, गूळ वितळून तळाशी पाक झालेला. मधले चार रोल फुगून उंच उठलेत, कडेचे जरा काळसर. ओटीजीची मागची पट्टी जास्त तापते, हे ओटीजी घेताना कुणी सांगत नाही.)

आयटीवाला : थांबा, दहा मिनिटं गार व्हायला हवेत. वर आयसिंग पण...

माथाडी : (एक उचललेला आहे. दोन्ही हातांत खेळवत) १०० किलोची पोती पेलली या हातांनी, हे काय पेलवणार न्हाई? (तोडतात. भोवरा उलगडत जातो. खातात. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघतात.)

आयटीवाला : कसा झालाय?

माथाडी : थांब.

वहिनी : काका, कसा?

माथाडी : थांबा म्हणलं. (दुसरा घास.) पीठ चांगलं झालंय. दालचिनी आजून पायजे, आर्ध्या चमच्यानं. आन ते वरनं पांढरं काय लावणार हायेस ते लावू नकोस, गूळ पुरं हाय.

आयटीवाला : म्हणजे आवडला?

माथाडी : चहा टाक.

(चहा टाकला जातो. वहिनी दोन खातात, तिसरा "मुलांना" म्हणून वाटीत घेतात. आयटीवाला फोटो काढतो. आई ताटातले मधले दोन उंच रोल काढून डब्यात घालते आणि डब्यावर झाकण दाबून बसवते.)

आयटीवाला : आई, ते उद्या ऑफिसला न्यायचे होते.

आई : उद्याचं उद्या. हे माझे. चंद्र दिसला की.

वहिनी : काकू, एवढ्या पावसात चंद्र कुठला दिसतोय?

आई : दिसायची येळ पंचांगात दिलीय. तेवढी पुरे.

आयटीवाला : पुढच्या रविवारी पुन्हा करतो. दोन ताटं. आज रात्रीच अजून एक बाटली ऑर्डर करतो...

माथाडी : खबरदार! आज मार्केट बंद हाय, न्हाईतर आत्ताच गेलो असतो. उद्या सकाळी मी जातो गाळ्यावर, ओळखीचं हाय, पाव किलो जाड साल आणतो. खलबत्त्यात फोडायची तू, चाळायची तू. आन ती बाटली फेकू नकोस. काच चांगली हाय, आईला हळद ठेवाया हुईल.